न उचललेला भंडार

मार्गासनी, शुक्रवार संध्याकाळ, १९३८

संताप जात नाही. दगडूने शेजारच्या सखूबाईचा बांध कोरला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आज देवळात पंच म्हणाले, "बेलभंडार उचलून शपथ घ्या, मग साक्ष बोला." मी म्हणालो, "बुद्धाचं शील पाळतो. खोटं बोलत नाही. देव कशाला मध्ये?"

"देवच न्हाई, मग खोटं बोलाया तुमास्नी भ्या कुनाचं?" एका पंचाने विचारलं. सगळे हसले. माझी साक्ष धरलीच नाही.

दगडूने हळदीचा तो भंडार उचलला आणि त्याच पिवळ्या हातांनी धडधडीत खोटं बोलला. कसलं भ्या? पंचांनी जमीन त्यालाच दिली!

वाटेत सखूबाई म्हणाली, "मास्तर, एकडाव उचलायचा हुता. तुमचं काय जात हुतं?"

आल्यापासून ध्यानाला बसायला बघतोय. डोळे मिटले की दगडूचे पिवळे हात दिसतात. शेजारी माझे, स्वच्छ.