धाकूआजा सापडला, कोळशाच्या गावात

प्रिय बाबा,

तू गेलास तेव्हा तुला सांगायचं काही राहिलं असं मला वाटलं नव्हतं. पण आता एक गोष्ट कळली आहे आणि ती तुझ्याआधी दुसऱ्या कोणाला सांगणं मला बरं वाटेना. म्हणून शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गातच लिहायला बसले आहे.

तुझ्या आजोबांचा, धाकूआजाचा, पत्ता लागला.

आपल्या दातिवऱ्याला मुंबईहून कोणीही आलं की तू त्याला ओट्यावर बसवायचास. हवापाणी, मासळीचा भाव, सगळं बोलून झालं की विचारायचास, आगबोटीवरचा कोणी जुना खलाशी ओळखीचा आहे का? धाकूआजा आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला गेला तेव्हा तुझा बाप रांगत होता. बोट परत आली, आजा आला नाही. कोणी म्हणे बुडाला, कोणी म्हणे विलायतेत राहिला. आई चिडायची, मेलेल्या माणसाला किती शोधाल म्हणायची. तू शांतपणे म्हणायचास, "मेला असं सांगणारा तरी भेटू दे."

मग आणखी वर्षभर थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

तारापूरला अणुवीजघराचं काम चालू झालं ते तू पाहिलंसच. तिथल्या परदेशी साहेबांच्या वसाहतीत मार्गारेट नावाची एक इंग्रज बाई राहते. नवरा इंजिनियर. तिला बाजारात बोलण्यापुरतं मराठी शिकायचं होतं, म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी माझं नाव सुचवलं. तू मला पालघरला ठेवून मॅट्रिक केलंस, त्या इंग्रजीचा असा उपयोग होईल असं वाटलं होतं का तुला?

पहिल्याच दिवशी तिने चहा आणला. मी तिच्या कपात ओतत होते, तर ती हात आडवा धरून म्हणाली, "पुरे."

मी म्हटलं, तुम्हाला तर येतंय की मराठी! ती बघतच राहिली. हा शब्द मराठी आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या आजीच्या घरी चहा ओतताना सगळे पुरे म्हणतात. लहानपणी तिला वाटायचं, हा त्यांच्या गावचाच शब्द. पुढे शाळेत गेल्यावर कळलं, गावात दुसरं कोणी असं म्हणत नाही.

मी विचारलं, आजीकडे हा शब्द आला कुठून? तर म्हणाली, आजीचे वडील मुंबईच्या बाजूचे होते, आगबोटीवरून आलेले. ते सांगायचे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, गावात छोटा किल्ला, आणि पाण्यापलीकडे बेटावर मोठा किल्ला. गावाचं नाव तिला सांगता येईना. लोक त्यांना जॅक म्हणत, पण घरात आजीची आई त्यांना डॅकू म्हणायची.

बाबा, माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली.

धाकू नावाची माणसं काय थोडी असतात? मी तिच्या चेहऱ्यात तुला शोधत बसले. काही सापडलं नाही. दुसऱ्या खेपेला मात्र राहवलं नाही, सगळं सांगितलं. मग आमचं मराठी बाजूला राहिलं आणि मीच तिला विचारत सुटले. ते गाव कसं होतं? तिथे समुद्र होता का? आजा काय खायचा?

समुद्र नव्हता. इंग्लंडच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून बरंच आत, कोळशाच्या खाणीभोवती वसलेलं गाव. विटांच्या घरांच्या लांब रांगा, त्यांच्यामागे खाणीचं मोठं चाक. भोंगा झाला की पुरुष लोखंडी पिंजऱ्यात उभे राहून जमिनीखाली जायचे. संध्याकाळी काळेठिक्कर होऊन यायचे आणि शेगडीपुढे घंगाळात बसून अंग धुवायचे. बायकांचा अर्धा दिवस पाणी तापवण्यात जायचा. धाकूआजा बंदरात आजारी पडला, बोट त्याला टाकून निघून गेली. बंदरात भेटलेला एक खाणकामगार त्याला आपल्या गावी घेऊन गेला. बरा झाल्यावर आजा खाणीवर कोळसा निवडायला लागला, पुढे खालीही उतरला.

उन्हाळ्यात मार्गारेट महिनाभर माहेरी गेली होती. मी तिच्याबरोबर प्रश्नच प्रश्न पाठवले. आजाला पाहिलेला एक म्हातारा खाणकामगार तिथे अजून आहे, शेजारच्याच घरात वाढलेला. ती त्याच्यापाशी जाऊन बसली. तो म्हणाला, जॅक पहिल्यांदा खाली उतरला तेव्हा कान दाबून बसला होता. सुट्टीच्या दिवशी परसात जाळी विणायचा. तिथे मासे कुठले? तर वाटाण्याच्या वेलांवर पाखरं बसू नयेत म्हणून शेजारच्या बायका त्याच्याकडून जाळी करून घ्यायच्या. खाणीत नवरा गेलेल्या एका बाईशी त्याने लग्न केलं. दोन मुली झाल्या. छातीत कोळशाची धूळ बसून म्हातारपणी गेला.

आणि एक गोष्ट मार्गारेटने चाचरत सांगितली. त्याने त्या बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं, गावी माझी बायको आहे. मी बुडालो असं ती समजेल, तसंच समजू दे.

हे तुला लिहू की नको, असा विचार मी बरेच दिवस करत होते. पण बुडाला असं सांगून तुझी समजूत काढणारे तुला आवडत नसत. मग मीच का तसं करू?

मार्गारेट म्हणाली, मला ते गाव बघायचंय. मी तिला दातिवऱ्याला नेलं, नर्मदाआत्याकडे. आत्याने तुझ्यापेक्षा जास्त वर्षं तुमच्या आजीला, धाकूआजाच्या बायकोला, पाहिलेलं. सगळं ऐकताना ती सुकटीतला कचरा वेचत होती. "तसंच समजू दे" एवढं ऐकलं आणि तिचे हात थांबले.

"आमच्या आजीनं मरेपरेंत कुकू लावलं," आत्या म्हणाली. "लोकं हसायची, तरी लावलं. तिला कोनी इचारलं, तुला काय समजायचं हाय?"

मी शब्दनशब्द इंग्रजीत सांगितला. मार्गारेट मी शिकवलेल्या मराठीत म्हणाली, "नाही. कोणी विचारलं नाही."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग सूप बाजूला सारून उठली आणि तिला जेवायला बसवलं. निघताना होळीला ये म्हणाली, नवऱ्यालाही घेऊन ये म्हणाली. रागावली होती का? होती. पण राग या पोरीवर काढायचा नाही हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

परतताना बसमध्ये मार्गारेटने मला विचारलं, तुझ्या पणजीचं नाव काय? मी सांगितलं, मंगळी. ती कुठली? मला सांगता येईना. धाकूआजा कुठल्या घरात राहिला, काय विणायचा, कशाने गेला, सगळं मला आता ठाऊक आहे. आणि जिने तुझ्या बापाला एकटीने वाढवलं, तिचं माहेर मला ठाऊक नाही. बाबा, तू साऱ्या जगाला आजाबद्दल विचारलंस. तिच्या पदराला धरून हिंडलास, पण तिच्याबद्दल कधी काही बोलला नाहीस. असं कसं रे?

दुसऱ्या दिवशी पुन्हा दातिवऱ्याला जाऊन आत्याला विचारलं. तिला पक्कं माहीत नाही. एडवणची असावी म्हणते, तिच्या भावाची होडी होती एवढं तिला आठवतं. एडवणला अजून दोनचार म्हाताऱ्या आहेत.

येत्या रविवारी मी तिथे जाते आहे. मार्गारेटही येते म्हणाली. एडवणला नाही कळलं तर केळव्याला विचारेन, तिथे नाही तर सातपाटीला. ओट्याओट्यावर बसून, मासळीच्या भावापासून सुरुवात करून, मी मंगळीबद्दल विचारत राहीन. हा शब्द तुला देते.

तुझी,
यमू