बाकावरचा मामा

गॉथेनबर्ग, १० सप्टेंबर १९७८

चि. तैस्तो यास,

अ. आ. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते.

इस्मो शुक्रवारच्या बोटीनं फिनलंडला निघतोय. तुमच्या आइस हॉकी संघानं, ‘लांडग्यां’नी, त्याला दुसरा गोलरक्षक म्हणून घेतलं हे कळल्यापासून पोराचे पाय जमिनीवर नाहीत. पहिला गोलरक्षक सख्खा मामा, दुसरा भाचा! हाऊकिलाचे लोक म्हणतील, गोलचं जाळं या घराण्याच्या नावावरच करून दिलंय. आम्ही त्याला स्वीडनला आणलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता, पण त्याच्या खोलीत भिंतीवर फोटो टांगलेला आहे तो तुझा, बापाचा नाही. लाउरी अजून त्यावरून कुरकुरतो.

त्याचा घसा नाजूक आहे. सौनातून निघाला की उघड्या डोक्यानं अंगणात पळतो, तेवढं बघ. तुझ्या रित्वाला म्हणावं, पोटभर वाढ, पण फार लाडावू नकोस. त्याची आई अजून जिवंत आहे हेही तिला प्रेमानं सांग.

तुझा गुडघा कसा आहे? पस्तिशी आली बाबा. हाताशी धाकटा आला म्हणजे तुला जरा विसावा मिळेल.

लोभ असू दे, निदान थंडी सरेपर्यंत तरी.

तुझी,
ऐलाताई


हाऊकिला, ५ नोव्हेंबर १९७८

ती. ऐलाताईस,

सा. न. वि. वि. तुझा लेक सुखरूप आहे. घसा ठीक, भूक जोरात. माझा गुडघाही ठणठणीत आहे आणि मला विसावा नकोय. तू विचारलंस म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

हंगामाचं विचारू नकोस. गेल्या वर्षी तिसरे आलो होतो, यंदा खालून दुसरे आहोत. आमचे पुढचे गडी बर्फावर चरायला सोडल्यासारखे फिरतात, समोरचे येतात ते थेट माझ्या अंगावर. आणि गावात बोलबाला काय, तर तैस्तो म्हातारा झाला! परवा बाजारात मासळीवालीनं मासा कागदात बांधून दिला आणि चारचौघांत म्हणाली की नीट धरा हं, सुटेल हातातून. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार?

इस्मो सरावात बरा अडवतो. सराव म्हणजे सामना नव्हे. पण आमचे प्रशिक्षक वाइनिओ त्याच्याकडे असे बघतात, जसं रित्वा नव्या पडद्यांकडे बघते. तीच रित्वा गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपातलं मांस वेचून त्याच्या ताटलीत टाकते. मी विचारलं तर म्हणाली, वाढतं वय आहे त्याचं. वीस वर्षांच्या घोड्याचं कसलं आलंय वाढतं वय?

असो. लाउरीभावजींना नमस्कार. राग नसावा, लोभ असावा, एवढंच मागणं.

तुझा,
तैस्तो


गॉथेनबर्ग, १७ डिसेंबर १९७८

चि. तैस्तो यास,

अ. आ. तू मला समजतोस तरी काय? तुझं गेल्या आठवड्यातलं पत्र दोनदा वाचलं. त्यात लॅपलँडातला बर्फ आहे, शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टर आहे. आणि काल इथल्या फिनिश मंडळात आपलं वर्तमानपत्र उघडलं तर अर्ध्या पानावर माझा इस्मो! तीन सामने झाले म्हणे तो जाळ्यात उभा आहे. सगळ्या बायकांनी माझं अभिनंदन केलं आणि मी बावळटासारखी बघत राहिले. सख्ख्या भावाच्या पत्रात हे मावत नव्हतं?

लेकाची पत्रं तर विचारूच नकोस. दोन ओळी संघाच्या, बाकी सगळी मामी. मामीनं मोजे विणले, मामीनं घसा शेकला, मामीच्या हातचे दालचिनीचे पाव. वीस वर्षं मी विणलेले मोजे काय लोकरीचे नव्हते? जळते मी, लपवत नाही. रित्वाला वाचून दाखव खुशाल.

पण त्यानं शेवटी एक ओळ लिहिलीय, ती मला टोचतेय. मामा जेवताना बोलत नाहीत, म्हणतो. काय बिनसलंय? मला खरं लिही. नाताळच्या शुभेच्छा त्यानंतर पाठवीन.

तुझीच,
ऐलाताई


हाऊकिला, १४ जानेवारी १९७९

ती. ऐलाताईस,

सा. न. वि. वि. तुला खरं हवंय ना? मग वाच.

मी बाकावर बसतो. दुसऱ्या गोलरक्षकाचं काम काय असतं ठाऊक आहे? गडी बदलले की बाकापाशी असलेलं फाटक उघडायचं आणि लावायचं. मी ते करतो. पंधरा वर्षं ज्या मैदानावर माझं नाव घुमलं, तिथे आता लोक इस्मो, इस्मो ओरडतात आणि मी फाटक लावतो. बरं, तो उभा राहूनही आम्ही हरतोच आहोत. आता तर तळाला गेलो. पण मी असताना हरलो की तैस्तो म्हातारा, आणि तो असताना हरलो की बिचाऱ्याला साथ नाही!

ताई, त्याच्यावर गोल झाला की मला बरं वाटतं. छातीत ऊब येते. नंतर स्वतःचीच किळस येते, पण आधी ऊब येते.

आणखी एक आहे. तो घाईनं गुडघ्यावर बसतो. बसला की डाव्या खांद्यावरची जागा मोकळी पडते. ऑक्टोबरपासून मला ते दिसतंय. आता समोरच्या संघांनाही दिसलंय, सगळे तिथेच मारतात. वाइनिओंना वाटतं पोराचं नशीब फिरलं. त्याला सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मी सांगितलेलं नाही.

आता लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

तैस्तो


गॉथेनबर्ग, २२ जानेवारी १९७९

तैस्तो,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

लहानपणी तळ्यावरच्या पोरांना गोलरक्षक मिळत नव्हता तेव्हा ती मला उभी करायची. हॉकीच्या त्या टणक रबरी चकत्या मी पोटावर झेलल्या, पोट काळंनिळं व्हायचं. मग बाबांनी खरी पॅडं आणली, ती तुझ्यासाठी. मी तेरा वर्षांची, तू सात. इतकी जळले की आठवडाभर तुझं तोंड बघितलं नाही. तरी काठी कशी धरायची ते तुला कोणी दाखवलं? बाबांना कुठे येत होतं! मी दाखवलं. दात-ओठ खात दाखवलं, पण दाखवलं.

तेव्हा मत्सर होतो म्हणून मला सांगू नकोस, तो मलाही होतो. माझा मुलगा तुझ्या घरी तुझ्या भरवशावर राहतो. रोज तो तुझ्यासमोर मार खातो आणि तू जेवताना त्याला नुसतं मीठ पुढे करतोस?

त्याला सांग. सांगितल्याशिवाय मला पत्र घालू नकोस.

ऐला


हाऊकिला, ११ फेब्रुवारी १९७९

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. तुला मामांच्या पत्राची वाट असेल, पण आधी माझं वाच.

गेल्या आठवड्यात मामा मला सकाळी तळ्यावर घेऊन गेले. बर्फ झाडला, मला जाळ्यात उभं केलं आणि एका पाठोपाठ एक डाव्या खांद्यावरून चकत्या मारल्या. मी एकही अडवू शकलो नाही. मग जवळ येऊन म्हणाले की तू लवकर बसतोस, आणि हे मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. मला आधी कळेचना. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, मला तुझी जागा हवी होती म्हणून.

आई, लोक मला हिणवायला शिट्ट्या मारतात. मला वाटत होतं मीच कुचकामी आहे, उगाच इथे आलो. आणि हे सगळं त्यांना दिसत होतं! मी त्याच दिवशी सामान उचललं. आता बेकरीच्या वर एका खोलीत राहतो. मामी रडली. तिनं डबा पाठवला, तो मी रागानं परत केला, आणि नंतर कळलं की त्यात मासा भरून भाजलेला पाव होता. त्याचंही वाईट वाटलं.

लवकर बसायची सवय मोडतोय, पण अंग आधीच बसतं आणि डोकं मागून येतं. सामने थोडे उरलेत. तळाला राहिलो तर संघाला स्पर्धेच्या खालच्या वर्गात ढकलतील.

तू रडू नकोस. घसा चांगला आहे.

तुझा,
इस्मो


हाऊकिला, ८ एप्रिल १९७९

ती. ऐलाताईस,

सा. न. वि. वि. तू घातलेली अट पुरी केली होती, तरी आजवर लिहायचा धीर झाला नाही. आपण बुडालो ते तू वाचलं असशीलच. वर्तमानपत्रात आलं नाही ते सांगतो.

शेवटचा सामना घरचा होता. जिंकलो तर वाचलो, नाहीतर खालचा वर्ग. दुसऱ्या डावात इस्मोवर चौथा गोल झाला आणि वाइनिओंनी मला हाक मारली. इस्मो बाहेर आला, मी आत गेलो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. फाटक मात्र त्यानंच लावलं.

ताई, त्या दिवशी मी जसा खेळलो तसा पंचविशीतही खेळलो नव्हतो. आमच्या गड्यांनाही कधी नव्हे तो हुरूप आला, चार-चार झाले. लोक बाकांवर उभे राहून माझं नाव घेत होते. अख्खा हिवाळा ज्याच्यासाठी जळलो ते सगळं मिळालं. आणि अगदी शेवटी एक साधी, संथ चकती माझ्या पायांमधून गेली. पाच-चार. मैदान इतकं शांत झालं की वर दिव्यांचा गुंजारव ऐकू येत होता.

संघात आता पाच-सात जण उरलेत, बाकीचे पांगले. इस्मोला हेलसिंकीच्या संघानं बोलावलंय, हे त्यानं तुला कळवलंच असेल. वाइनिओ मला म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हीच उभे राहा, दुसरं कोणी यायला तयार नाही. तेव्हा जागा माझी झाली. ती माझ्याकडून हिसकावून घ्यावी असं वाटणारं आता कोणी उरलं नाही.

इस्मो काल निरोप घ्यायला आला. मामीचा, माझा नव्हे. तिच्याशी बोलून झालं तरी दारात घुटमळत राहिला. मग मला म्हणाला की तळ्यावरचा बर्फ अजून धरून आहे का. मी म्हटलं, काठाला पाणी सुटलंय, मध्ये आहे. दोघं गेलो. मी डाव्या खांद्यावर मारत राहिलो आणि तुझा लेक उभा राहून घेत राहिला. बसत नाही आता, पठ्ठ्या! एकामागून एक हातात. मला घाम फुटला. शेवटी एक सुटली. आणि ताई, पुन्हा ती ऊब आली. इतकं सगळं होऊनही आली. या वेळी मी तिथल्या तिथे त्याला सांगून टाकलं की तुझी सुटली, मला बरं वाटलं.

त्यानं मुखवटा वर केला. मला वाटलं, चालला हा. पण तो म्हणाला, शेवटच्या सामन्यात तुम्ही अडवत सुटलात तेव्हा मी फाटकाशी बसून मनात म्हणत होतो की देवा, यांची एक तरी सुटू दे. आणि ती सुटली, मामा. ती मीच मागितली होती, असं अजून वाटतं मला.

त्याचा आवाज घोगरा झाला होता आणि त्यात घशाचा दोष नव्हता. मी म्हटलं, वेड्या, ती माझ्या पायांमधून गेली, तुझ्या मनातून नव्हे. तो बर्फावर बसला, मीही बसलो. दोघांच्या विजारी ओल्या झाल्या.

उठताना त्यानं एक कबूल करून घेतलं. हेलसिंकीत माझ्यावर गोल झाला आणि तुम्हाला बरं वाटलं तर खुशाल वाटू द्या, म्हणाला, फक्त तो कुठून गेला ते त्याच दिवशी मला लिहून टाका. मी हो म्हटलं.

मोठ्यांना नमस्कार, तुला आणि भावजींना लोभाची विनंती. मान्य झाली तर दोन ओळी पाठव.

तुझा धाकटा,
तैस्तो