पोचलो की मी सांगेन

१० नोव्हेंबर

आजपासून मी डर्बनची. आमच्या एशोवे गावाहून आलेल्या टॅक्सीतून उतरले तेव्हा पाठीवर पिशवी होती आणि काखेत आईने बळेबळे दिलेला भोपळा. भोपळा कशाला, तिथे काय भोपळे मिळत नाहीत, असं मी म्हणून पाहिलं. आईपुढे आजवर कुणाचं चाललंय?

खोली उंबिलो भागात आहे, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून रस्ता दिसतो आणि फाटकाशी जॅकरांडाचं एक झाड. खोलीत एक मोठी गादी आणि एक छोटी. छोटी खान्यीची. माझी पोरगी सात वर्षांची आहे, सध्या आईपाशी. जानेवारीत शाळा सुरू होताना तिला इकडे आणायचं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. रिकामी गादी बघून रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट तिच्यावर पिवळी चादर घालून टाकली.

नोकरी रूबी आंटींच्या कचेरीत. क्रूझच्या जहाजावर जाणारी माणसं विमानतळावरून नाहीतर हॉटेलातून उचलायची आणि बंदरावर नेऊन सोडायची, हा आमचा धंदा. मी फोन घ्यायचे. माणसं किती, बॅगा किती, जहाज कोणतं, चढायची शेवटची वेळ कोणती. रूबी आंटींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की बॅगांच्या बाबतीत माणूस देवापुढेसुद्धा खोटं बोलतो, दोन म्हणाला की पाच धर.

१४ नोव्हेंबर

आज गंमत झाली. रूबी आंटींना माझा आवाज आवडला. म्हणाल्या, लुंगा, तुझा आवाज ऐकून भांडायला आलेला माणूसही चहा घेऊन जाईल. मग माझ्याकडून चार वाक्यं भरून घेतली, इंग्रजीत आणि झुलूत. आता ड्रायव्हरने माणसं बसल्यावर फोनवरचं बटण दाबलं की गाडीतल्या स्पीकरवर मी बोलते: ‘या, बसा. पट्टा लावून घ्या. आता आपण निघालोय. तुम्ही निवांत राहा, पोचलो की मी सांगेन.’

पोचल्यावरचं वाक्य मात्र भरलंच नाही. तिथे हमाल धावतच येतात, कोण ऐकतंय, असं आंटींचं म्हणणं.

बाबा न्तुली आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, पांढरी मोठी गाडी त्यांची. ते म्हणाले, घरात बायको दिवसभर बोलते, गाडीत तेवढी शांतता होती, तीही तू घालवलीस पोरी. पण हसत म्हणाले. त्यांनी मला फुटपाथवरची, पिठाचा गोळा तळून केलेली गरम गरम ग्विन्या खाऊ घातली. जीभ भाजली.

२७ नोव्हेंबर

आज फोनवर एक म्हातारी होती, लांबच्या म्सिंगा गावाकडची, मा झोंडी म्हणून. तिला बंदरावर जायचंय. विमानतळ नाही, हॉटेल नाही, बसथांब्यावरून. मी नेहमीसारखं विचारलं, माणसं किती. जाताना दोघं, म्हणाली, मी आणि माझा दीर. येताना तिघं.

मग मला विचारावं लागलं नाही. तिचा मुलगा लिंडानी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला होता. धक्क्यावर जहाज लागलेलं असताना शिडीवरून पाय घसरला आणि जहाजाच्या नि धक्क्याच्या मधल्या पाण्यात गेला. पुरून झालं, सगळं झालं. पण पुरलं म्हणून कुणी घरी येत नाही. जिथे जीव गेला तिथून त्याला आणावं लागतं. म्हणून दीर उम्फाफाची काटेरी फांदी घेऊन येणार, धक्क्यावर त्याला हाक मारणार आणि फांदीबरोबर घरी नेणार. त्याची जागा धरायची, भाडंही त्याचं वेगळं.

आई चर्चवाली. आमच्या घरी हे काही केलं नाही. पण माहीत कुणाला नाही? मी तिघांची जागा लिहिली. मा झोंडी म्हणाली, तू कुणाची मुलगी ग, तुला समजावून सांगावं लागलं नाही. मला बरं वाटलं.

२९ नोव्हेंबर

सगळं नीट पार पडलं. मी स्वतः बसथांब्यावर गेले होते. म्हातारी किडकिडीत आहे, डोळे मात्र काही सोडत नाहीत. दीर एक अक्षर बोलला नाही. फांदी धरणाऱ्याने बोलायचं ते फक्त गेलेल्याशी: आता आपण रस्ता ओलांडतोय, आता गाडीत बस, आता नदी आली. मध्ये दुसऱ्या कुणी तोंड घालायचं नाही. बाबा न्तुलींना मी बजावलं की गप्पा नकोत, रेडिओ नको. ते म्हणाले, तू जन्मायच्या आधी मी माझ्या भावाला असाच आणलाय, मला नको शिकवू.

४ डिसेंबर

हंगाम भरात आलाय. पाणी प्यायला फुरसत नाही. खान्यी फोनवर रोज विचारते, समुद्र घरातून दिसतो का. नाही दिसत, पण वास येतो, म्हणून सांगितलं.

बाबा न्तुलींची गाडी बिघडली आहे. मागच्या सीटवर कुणी नसताना पट्टा लावा म्हणून टिंग टिंग वाजत राहतं. गॅरेजवाल्याने वायर बदलली. तरी वाजतं.

११ डिसेंबर

एका जर्मन जोडप्याने तक्रार केली. खासगी गाडी म्हणून पैसे घेतले आणि मागे आणखी एकाला बसवलं, तोही ओलाचिंब. रूबी आंटींनी बाबांना फैलावर घेतलं, वाटेत कुणाला चढवून वरकमाई करताय काय म्हणून.  त्यांच्यासारखा माणूस उलटून बोलला नाही हे मला खटकलं. गाडी पाहायला मी गेले. मागची डावी सीट ओली होती. वास समुद्राचा नव्हता, बंदराचा होता, तेल आणि गंज.

१५ डिसेंबर

मा झोंडीचा फोन.

घरी फांदी नेली, बकरा कापला, फांदी घराच्या मागल्या भिंतीशी जपून ठेवली. तरी लिंडानी आला नाही म्हणते. दिराला परतीच्या वाटेवरच फांदी हलकी लागली होती, पण तो बोलणार कसा? आता मुलगा तिच्या स्वप्नात येतो. गाडीत बसलेला असतो. ती म्हणते, उतर बाळा. तो म्हणतो, त्या ताईने सांगितलंय बस म्हणून. पोचलो की सांगते म्हणाली.

 बाबांना गप्प राहायला सांगितलं, रेडिओ बंद करायला लावला, आणि स्वतःचा आवाज विसरले. दीर त्याला ‘बस’ म्हणत होता, आणि वरून माझाही आवाज. झुलूत. बायकी, गोड. पाण्यात एकट्या राहिलेल्या पोराने कुणाचं ऐकावं?

१६ डिसेंबर

बाबा न्तुलींना सगळं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी बटण दाबलं ते सवयीने, हात आपोआप गेला, म्हणाले. तेव्हापासून ते त्या सीटकडे आरशातून बघत नाहीत.

त्यांनी स्पष्टच सांगितलं. आता दिराला बोलावून उपयोग नाही, मा झोंडीही नाही. ज्याने बसवलं त्यानेच उतरवायचं. मी त्या गाडीत बसायचं, त्याच्याशी बोलत म्सिंगाला जायचं आणि त्याच्या घरच्या फाटकात म्हणायचं, पोचलो, उतर. आणि कुठे भलतीकडे ते शब्द तोंडातून काढू नकोस, म्हणाले. जिथे तू पोचलो म्हणशील ते त्याचं घर.

मी हो म्हटलं.

२३ डिसेंबर

गेले नाही. रूबी आंटी हंगामात गाडी सोडणार नाहीत, असं बाबांना सांगितलं. खरं म्हणजे मी आंटींना विचारलंच नाही. मला त्या गाडीत बसायची भीती वाटते. एवढा लांबचा रस्ता, आणि सतत बोलत राहायचं, शेजारच्या ओल्या सीटशी.

आवाज काढून टाका एवढं मात्र आंटींना म्हटलं. त्या म्हणाल्या, वेडी का तू, लोक खूश आहेत.

२९ डिसेंबर

नाताळला घरी जाता आलं नाही. खान्यी रुसली. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

मा झोंडी रोज फोन करते. ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. विचारते, आजही बसलाय का तो गाडीत, थंडी वाजत असेल का त्याला. तिला वचन दिलं. शनिवार, दहा तारीख. मी स्वतः आणते त्याला. ती म्हणाली, मी आमटी करून ठेवते.

३ जानेवारी

बाबा न्तुली आजारी. छातीत कफ, अंगात ताप. त्यांच्या बायकोचं म्हणणं, खोकताना खारट पाणी येतं. गाडी आता झाकेस नावाच्या नव्या माणसाकडे. त्याला सांगितलं, तर फिदीफिदी हसला. म्हणाला, भाडं भरतोय का तो?

६ जानेवारी

कचेरीतला फोन वाजतो. उचलला की टिंग टिंग. टिंग टिंग. कुणी बोलत नाही.

मी बोलायचं थांबवलंय. फोनवर शक्य तितकं लिहून कळवते. रूबी आंटी चिडल्या. आवाजासाठी तर ठेवलं तुला, म्हणाल्या.

चारच दिवस. शनिवारी नेईन त्याला. नेईनच.

८ जानेवारी

उद्या खान्यी येणार! आंटींनी मोठं मन केलं, एशोवेवरून यायला कंपनीची गाडी दिली. मी दहा वेळा विचारलं, कोणती. छोटी निळी. नक्की? नक्की. पांढरी उद्या बंदरावर आहे.

गादीवरची पिवळी चादर धुतली. भोपळा अजून आहे, तो शिजवेन. तिला आवडतो.

९ जानेवारी, सकाळ

आईचा फोन. खान्यी निघाली. पिशवी, बाहुली, नवे बूट. मी विचारलं, गाडीचा रंग कोणता. आई म्हणाली, पांढरी. छान मोठी आहे, ऐसपैस.

निळीचा टायर गेला म्हणे. झाकेसने परस्पर बदलली.

आई म्हणाली, पोरीला तुझा आवाज ऐकू आला गाडीत. इतकी खूश झाली. या, बसा, म्हणालीस ना तू. आईला दुसरा माणूस दिसला का, हे मी विचारलं नाही—

दुपार

झाकेस फोन उचलत नाही. गाडी चालवतोय म्हणून नसेल. म्हणूनच.

एकदा उचलला. मागे टिंग टिंग नव्हतं. मला हायसं वाटलं. मग त्याने सांगितलं, दोघांचेही पट्टे पोरीनेच लावले. शहाणी आहे पोर. दोघांचे म्हणजे काय, विचारलं, तर—कट झाला.

दुपारनंतर

आली. खिडकीतून दिसते. जॅकरांडाखाली पांढरी गाडी. झाकेस डिकी उघडून पिशवी काढतोय.

ती उतरत नाही—

खाली जाऊन आले. दार उघडं आहे. ती समोर बघत बसली आहे. डावा हात बाजूच्या सीटवर, काहीतरी धरल्यासारखा. बोटं गार. नवे बूट ओले. मी पट्टा सोडला, तो पुन्हा लागला. ओढलं तर किंचाळली. झाकेस म्हणतो, लाडावलीय.

तिने सांगितलं, तू म्हणालीस ना पोचलो की सांगेन. तू सांगितलं नाहीस अजून. आम्ही वाट बघतोय.

आम्ही.

वर आले. मा झोंडीला फोन लावला. तिच्या घरी घंटा वाजते, वाजते—अंगणात असेल. बाबा न्तुलींना लावला. बायको रडत होती. काही कळलं नाही—

पोरीला तशीच बसवून म्सिंगाला नेऊ? झाकेस नाही म्हणतो. गाडी संध्याकाळी बंदरावर हवी. तो निघेल. तिला घेऊन निघेल—

तिचे ओठ निळे पडलेत. खिडकीतून दिसतात.

मा झोंडी, माफ कर मला. तुझी आमटी—

नंतर

मी म्हणाले. खिडकीतूनच. ‘पोचलो. उतरा.’

पट्टे सुटले. दोन आवाज आले. दोन दारं उघडली. दुसऱ्या बाजूला कुणी हात लावला नव्हता.

खान्यी वर पळत आली, गळ्यात पडली. गरम झाली हळूहळू. हसते आहे. पिवळ्या चादरीवर बसून भोपळा खाते आहे. माझी पोर माझ्याजवळ आहे. दुसरं काही मला—

जिन्यावर पाणी. पायरी पायरीवर. दारापर्यंत.

फोन वाजतोय. मा झोंडी. उचलू कशी? काय सांगू, तो कुठे—

खान्यीने आत्ता घास थांबवला. म्हणते, आई, ते दारातच उभे आहेत. कधीचे. तू म्हणशील तेव्हाच आत येणार म्हणतात. थंडी वाजतेय त्यांना. म्हण ना, आई, तसंच, गाडीत म्हणालीस तसं. नाहीतर मी म्हणू? मला येतं. या, ब—