डेन्मार्कचे पुस्तक

पाटण,
नोव्हेंबर १९४८

प्रिय जयपाल,

खुशाली विचारण्याइतका माझा राग अजून निवळलेला नाही, म्हणून सरळ लिहितो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या देवळापुढे तू डेन्मार्कवर बोललास. तिकडे हिवाळ्यात शेते गोठली की मिशा फुटलेली पोरे शाळेत जाऊन राहतात, परीक्षा नसते, नापास कोणी होत नाही. मी चौथी इंग्रजीतून शाळा सोडलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. पलटणीतून पेन्शनीवर आलेले हंबीरराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "गोऱ्याच्या शेतकऱ्याला शाळा लागती, मग आमाला का न्हाई रं?"

तू पुण्याला कॉलेजात निघून गेलास. आम्ही मात्र अशा शाळेसाठी धर्मशाळेची खोली मागायला गेलो. मामलेदारसाहेब हसले. "डेन्मार्क? कुठल्या तालुक्यात येतं ते? छापील आधार दाखवा, मग खोली." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तुला विचारले, तर तुझे एका ओळीचे कार्ड आले, ग्रंथालयात मिळेल, शोध.

शोधले. साताऱ्याच्या ग्रंथालयात नॉर्वेची मासेमारी मिळाली, स्वीडनच्या काडेपेट्या मिळाल्या, शेतकऱ्यांची शाळा कुठेच नाही. स्पेलिंग चुकले तर कपाट चुकेल, म्हणून प्रत्येक नाव मी दोनदा ताडून पाहिले. शेवटी सांगलीच्या यादीत हवे ते पुस्तक सापडले, पण जागेवर नव्हते. "बाहेर गेलंय," ग्रंथपाल म्हणाले. कोणाकडे, ते सांगायची पद्धत नाही म्हणे. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. इकडे आमच्यातला मेंढरे राखणारा धुळा रोज विचारी, "गड्या, घावलं का डेन्मार्क?" मग त्याने विचारायचेच सोडले. ते मला जास्त लागले.

परवा ग्रंथपालांना माझी दया आली. खाली बघत म्हणाले, "हळदीच्या पेठेत बघा. घर मोठं आहे, आम्हांला तगादा लावता येत नाही."

जयपाल, हळदीच्या पेठेत माझ्या ओळखीचे घर एकच.

तुझ्या आईने, आक्काताईंनी, तुझ्या कपाटातून पुस्तक काढून पदराने पुसून दिले. उघडले. प्रस्तावनेची पाने तेवढी कापलेली. पुढची सगळी छापखान्यातून आली तशी कडांना जोडलेली. म्हणजे देवळापुढे तू आम्हांला प्रस्तावना ऐकवलीस, आणि पुस्तक तुझ्याकडे असताना मला दारोदार हिंडवलेस! विसरलास की लाजलास? मला दोन्हीचा सारखाच संताप आहे. आक्काताईंची आमटी गोड लागली, याचासुद्धा आला.

आता हे सगळे का लिहितो ते. काल मी बोथट सुरीने सगळी पाने कापली, एकही कड फाटू दिली नाही. इंग्रजी अक्षरे मला लागतात, अर्थ लागत नाही, आणि सोमवारी साहेब अर्थच विचारणार. तू रविवारच्या मोटारीने ये. भाषण नको. धुळा बोट ठेवील ते पान उघडायचे आणि मराठीत सांगायचे. अडलास तर अडू दे, तिथे कोणी नापास होत नाही. निदान या वेळी आपण सगळे ते पुस्तक पहिल्यांदाच वाचत असू.

रागातसुद्धा तुझाच,
नाथाजी