ओठांवरचं बोलणं

दादा,
नमस्कार.

ऑपरेशनमध्ये माझा आवाज गेला, कान शाबूत आहेत. दवाखान्यात दाराबाहेर तू वहिनीला म्हणालास, "मुक्याचं कामगार काय ऐकणार? कारखाना आता मीच बघतो."

अरे, चार यंत्रमागांपासून मी उभारलेल्या या कारखान्यात खडखडाटामुळे तीस वर्षांत कुणी कुणाचा आवाज ऐकलेला नाही. सगळे ओठ बघूनच समजून घेतात. तू ऑफिसातून कधी खाली उतरला असतास, तर कळलं असतं! काल मी मागांमध्ये उभा राहून नुसते ओठ हलवले, तर लांबून सुताच्या कांड्या भरणारी मावशी हसली. तिच्या ओठांवर मी वाचलं, "शेठ, शिव्या तरी नव्या शिका!"

कारखाना तुझ्या हाती देणाऱ्या त्या अधिकारपत्रावर मी सही करणार नाही. हे पत्रही पोस्टात टाकत नाही. उद्या येऊन तुला समोर बसवणार आणि माझ्या तोंडानेच सांगणार; ओठ वाचायला तूही शीक.

तुझा,
अजून बोलणारा धाकटा