वाकलेली नवरी

अहो,

किटलीचं झाकण खडखडलं तरी तुम्ही हलला नाहीत, म्हणून उठवलं नाही. आईंनी नान थापायला बोलावलंय, बाजारात सोबत येता येणार नाही. पुन्हा तसा पातळ, देखणा लॅपटॉप घेऊ नका, उन्हात तापून अडखळतो. आत पंखा असलेला, जास्त मेमरीचा घ्या, जड असला तरी. दुकानातच गाणी मिसळून बघा.

काल लग्नात नवरी वाकून पाहुण्यांना सलाम करते ते गाणं मध्येच थांबलं, परत लागेपर्यंत नवरी वाकलेलीच राहिली. "डीजे, पोरीची कंबर मोडेल रे!" कुणीतरी तुम्हाला ओरडलं, सगळे हसले. मला तुमच्याकडे बघवेना. आजच्या लग्नातही तसंच झालं, तर अख्ख्या मार्गिलान शहरात तुम्हाला कोण बोलावेल?

मुनिसा उठलीय. विचारतेय, "आई, गाणं परत लागलंच नसतं, तर नवरीनं सरळ कधी व्हायचं?"