चादरीवरची मोटार

परमेश्वराला स्मरून मी हे लिहून ठेवते. मी मॅट्रिक झालेली, घर चालवणारी बाई. वय झाले असले तरी डोके ठिकाणावर आहे, आणि लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. पण शेगडीवर दूध ठेवून बाहेर जाणारी मी नव्हे. कागदाची मागची बाजू वकीलबाईंनी कोरी सोडायला लावली म्हणून सोडली आहे, एरवी सोडली नसती.

एक. राहते घर मुलगा व मुलगी यांना सारख्या वाट्याने. मुलीने हक्क सोडण्याचा मोठेपणा दाखवू नये, आणि मुलाने तो दाखवू देऊ नये.

दोन. बँकेतली ठेव मुलीला. पातेली सुनेला. त्यांतल्या बऱ्याच पातेल्यांत सध्या मोटारीचे भाग रॉकेलमध्ये भिजत आहेत, तेव्हा दुसरे कोणी मागणारही नाही.

तीन. ह्यांची मोटार, म्हणजे होडीच्या मागे अडकवायचे जुने पेट्रोल इंजिन. हिच्या जोरावर ह्यांनी जन्मभर माणसे नदीपार केली आणि आम्ही दोन वेळा जेवलो. हे गेल्यापासून ती अडगळीत होती. दोरी ओढली तरी हलेना. मुलाने ती एका हॉटेलवाल्याला कबूल केली आहे. तो सोनेरी रंग देऊन दारात ठेवणार. मुलगा म्हणतो, "आई, भंगारात जाण्यापेक्षा मानाने उभी राहील." मी म्हटले, "उभी राहायला ती काय दरवान आहे?" टेम्पो सोमवारी येणार, म्हणजे मी इस्पितळात असताना.

इकडे सुनेने मला विचारून मोटार मागच्या खोलीत खोलायला घेतली. सून घड्याळजीची लेक. लग्न ठरताना माझे दीर म्हणाले होते, "हिला टिकटिकीची सवय आहे, सासूचे बोलणे चालून जाईल." ते मी विसरलेले नाही, कलम पाच पाहावे.

तिने माझी रफू केलेली चादर अंथरली. निघेल तो भाग पुसून आधीच्या शेजारी ठेवायचा आणि जोडताना उलट्या टोकापासून उचलायचे, ही तिची रीत. मुलाने एकदा कौतुकाने खोली आवरली. सगळे बोल्ट लांबीप्रमाणे निवडून बरण्यांत भरले, वर चिठ्ठ्या लावल्या. मला वाटले, आता जुंपणार. ती एवढेच म्हणाली, "अहो, डाळ बरी निवडलीत." मग एकेक बोल्ट भोकाशी धरून, गंजाचा डाग कुठे जुळतो ते बघत तिने प्रत्येकाला त्याचे घर शोधून दिले. नंतर पुठ्ठ्यावर इंजिनाचा आकार काढला, जिथल्या तिथे भोके पाडली आणि बोल्ट त्यांत खोचले. मी जन्मभर डबे लावले, पण असे लावणे मला सुचले नसते.

मोटारीच्या डोक्यावरचे जड चाक काही निघेना. तिने त्याला ओढून काढायचे अवजार लावले, थोडे आवळले आणि चहा टाकायला निघाली. मी म्हटले, "अगं, ठोक की."

"ठोकून निघेल, आई, पण आतला दांडा वाकेल. ताण दिलाय. त्याचं ते सुटेल."

ती चहा गाळत होती, तोच खोलीतून ठक्कन आवाज आला. तिने आधी चहा गाळून पुरा केला. एवढा धीर मला प्रार्थनेतही साधलेला नाही.

आत सगळे शाबूत निघाले. पाणी खेचणारी रबरी चक्री तेवढी वाळून दगड झाली आहे. नवी मागवली आहे.

तरी मोटार, तिचे सुटे भाग, पुठ्ठा व चादर सुनेची. <s>मी परत आले तर माझी,</s> न आले तर तिची. मध्ये हॉटेलवाल्याची होईल अशी फट मी ठेवलेली नाही. मागची खोली कोणी झाडू नये. माझे बरेवाईट झाल्यास भेटायला येणाऱ्यांनी पुढच्या खोलीत बसावे. माझ्या अंगावर घालायला चादर लागली तर कपाटात धुतलेल्या आहेत, ही ओढू नये.

चार. प्रार्थनेचे पुस्तक मुलाला. त्याने ते उघडावेही.

पाच. मोठा हातोडा दिरांना. "बाजूला व्हा, हे पुरुषाचं काम," म्हणत त्यांनी वरच्याच चाकावर एकदा घाव घातला होता. पोचा अजून आहे. हातोडा त्यांनी घेऊन जावा आणि परत आणू नये. त्यांच्यावर माझा राग नाही. हातोड्यावर आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. टेबलावर कार्ब्युरेटर असल्यामुळे सह्या खिडकीच्या कट्ट्यावर, उभ्याने होत आहेत. मुलगा दारातून ऐकत होता. बाहेर जाऊन त्याने हॉटेलवाल्याला फोन केला आणि टेम्पो पाठवू नका म्हणून सांगितले. परत येऊन चादरीच्या कडेला उकिडवा बसला.

"सुरू करशील तेव्हा पहिल्यांदा दोरी मी ओढू?"

सून म्हणाली, "बघू. आधी तो बोल्ट खाली ठेवा. होता तिथे."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "माझ्याकडे काय बघतोस? मोटार तिची आहे."

तोंडी बोलले ते लेखी असावे, म्हणून कलम तीनमधले "मी परत आले तर माझी" हे शब्द मी खोडले आहेत. मी परत आले तरी तिचीच. खोडल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

लिहून ठेवणारी: घरमालकीण (सही)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: धक्क्यावरचे तिकीटवाले (सही, बोटाला ग्रीस लागल्याने डाग पडला आहे, तो ग्राह्य धरावा)
ठिकाण: मागची खोली
दिनांक: ऑपरेशनआधीचा रविवार